माझा आवाज अजून नोकरीला आहे

माझी नोकरी गेली त्याला काही हंगाम लोटले. माझा आवाज मात्र अजून कामावर जातो. तो रजा घेत नाही, त्याला सर्दी होत नाही आणि पगारवाढीचं नावही तो काढत नाही. मी कराडजवळच्या मलकापुरात घरी शेंगा फोडत बसलेली असते, तेव्हा तो कुठल्या तरी शिवारात कुणाला तरी सांगत असतो की उद्या तुमच्या उसाला तोड आहे. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. सुरुवातीला मीही हसत होते.

नदीपलीकडं, सांगली जिल्ह्याच्या हद्दीत एक साखर कारखाना आहे. त्याच्या शेतकी ऑफिसात मागच्या बाजूला एक खोली होती आणि त्या खोलीत आम्ही चौघी बायका. हंगाम सुरू झाला की आमचं काम एकच. ज्याच्या उसाची पाळी आली त्याला फोन करायचा. ऊसतोडीची टोळी कधी येणार, ट्रॅक्टर कुठून आत घालायचा, पाणी कधी बंद करायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्याचा ऊस तुरे येऊन फडात वाळत उभा आहे, त्या माणसाला आधी शिव्या द्यायच्या असतात आणि मग ऐकून घ्यायचं असतं. मी शिव्या निम्म्या ऐकायचे, निम्म्या परत करायचे. "आवं काका, टोळी काय माझ्या पदराला बांधलीया व्हय?" असं म्हटलं की पलीकडचा माणूस गार पडायचा. माझं तोंड फाटकं आहे असं माझी सासू म्हणायची. त्याच तोंडावर माझं घर चाललं होतं.

आमच्यातल्या सगळ्यात जुन्या बाईनं मला पहिल्याच दिवशी एक रीत घालून दिली होती. पलीकडून 'हॅलो' येईपर्यंत थांबायचं, आणि आपला पहिला शब्द 'ऊस' असला पाहिजे. नमस्कार नंतर, नाव नंतर. आधी 'उसाचा फोन हाय' एवढं सांगून टाकायचं. कारण आमच्या भागात अशी गावं आहेत की जिथं घरटी एक पोरगा फौजेत आहे. अनोळखी नंबर वाजला की तिथल्या आया आधी देवाचं नाव घेतात. आणि वाईट बातमी सांगणारा माणूस फोनवर पहिल्यांदा काय विचारतो, हे त्या गावांत शाळकरी पोरांनाही माहीत असतं. तो विचारतो, घरात कुणी मोठं माणूस आहे का? हे वाक्य आम्ही चौघी चुकूनही तोंडातून काढत नसू. खातेदार घरात नसेल तर 'उसाचं सांगायचं हुतं, कुनाला सांगू?' असं विचारायचं. यात विद्या काही नव्हती. ज्यांच्यात राहायचं त्यांच्या दुखऱ्या जागेवर पाय द्यायचा नाही, एवढंच.

मग एका उन्हाळ्यात, फोन करणाऱ्या यंत्रासाठी आवाज भरून घ्यायला पुण्याच्या कंपनीचे दोन इंजिनिअर आले. कारखान्याच्या गेस्ट हाऊसमधली एक खोली त्यांनी घेतली, भिंतींना गाद्या लावल्या, खिडकीवर जाड रग टांगला आणि मला आत बसवलं. चौघींत माझा आवाज त्यांना आवडला होता. मला त्याचा गर्व झाला, खोटं कशाला बोलू. मी गावांची नावं वाचली, कुंडलपासून मेढ्यापर्यंत. वार वाचले, आकडे वाचले, आडनावं वाचली. त्या खोलीत बोललेलं परत कानावर यायचं नाही. शब्द तोंडातून निघायचा आणि गादीत जिरायचा. पहिल्या दिवशी बाहेर आले तेव्हा अंगणातल्या चिमण्यांचा गलबला इतका मोठा वाटला की मी कानांवर हात ठेवले. शेवटी ते म्हणाले, ताई, आता हसा. आता सांगून हसू येतं का? येईना. तेवढ्यात छतावरची पाल त्यांच्या मशिनवर पडली, त्यातला एक खुर्चीवर चढला, आणि मी पोट धरून हसले. ते हसूही त्यांनी भरून घेतलं.

आमच्या नोकरीचं काय, असं मी विचारलं होतं. 'तुमचं ओझं कमी होईल' असं उत्तर मिळालं. पुढच्या हंगामात ओझं इतकं कमी झालं की खोलीलाच कुलूप लागलं. एक जण डबे करून देते. एक कराडात साडीच्या दुकानात दिवसभर उभी असते. जुनी बाई नातवंडं सांभाळते. आणि मी घरी.

घरी बसून महिना झाला असेल. आमचाही थोडा ऊस त्याच कारखान्याला जातो. नवरा जेवत होता, फोन वाजला, त्यानं स्पीकर लावला. "नमस्कार, मी कारखान्याच्या शेतकी विभागातून बोलते आहे," मी फोनमधून म्हणाले. मी त्या वेळी त्याला आमटी वाढत होते. नवऱ्यानं घास तसाच हातात धरला, एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा फोनकडं. मग त्याला चेव आला. "टोळीला चहा कोन देनार? तूच करून आनतीस का?" त्यानं विचारलं. फोनमधली ती हसली. पाल पडल्यावरचं माझं हसू, जसंच्या तसं, पालीशिवाय. नवऱ्याला मजा वाटली. मी पळी खाली ठेवली आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. का धुतलं ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर गावात माझं अवघड झालं. मंडईत एक माणूस आडवा आला. "ताई, तुमी म्हनला सोमवारी टोळी येनार. आज शुक्रवार हाय."

"मी न्हवं ते. ते मशीन हाय."

"आवाज तर तुमचाच हुता की. कशाला लपवताय?"

दर हप्त्याला असं कुणी ना कुणी भेटायचं. मी न दिलेले शब्द माझ्या गळ्यात यायचे. एक म्हातारी तर एसटीत शेजारी बसून माझा हात दाबून म्हणाली, 'त्या दिवशी तू बोललीस, लय बरं वाटलं गं.' काय बोलले मी? विचारायचं धाडस झालं नाही. हळूहळू मी बाहेर कमी बोलायला लागले. भाजी बोटानं दाखवायची, पैसे द्यायचे, निघायचं. फाटक्या तोंडाची बाई मुकी झाली म्हणून शेजारणी चेष्टा करायच्या.

माझी थोरली बहीण, आक्का, कराडच्या वरच्या अंगाला डोंगराकडेच्या एका गावात दिलेली आहे. तेही तसलंच फौजी गाव. दाजी वारून बरीच वर्षं झाली. एकुलता एक पोरगा, माझा भाचा, फौजेत आहे आणि त्या थंडीत तो वर कुठं तरी बर्फात होता, जिथून आठवडा-आठवडा फोन लागत नाही. घरात आक्का एकटी, शेजारच्या दारात तिचे दीर. उसाचं खातं अजून दाजींच्याच नावावर, कारण नाव बदलायला तलाठ्याकडं खेटे घालायचा तिला कंटाळा.

त्या दिवशी सकाळी मला आक्काच्या दिरांचा फोन आला. आवाज अगदी खाली. "ताई, वैनींना कळलंय. तुमी निघून या आता. घाई करू नका, सावकाश या, पर या."

आमच्याकडं 'सावकाश या' म्हणतात त्याचा अर्थ एकच असतो. काय झालं म्हणून मी विचारलं नाही. असल्या वेळी फोनवर विचारत नाहीत, आणि सांगतही नाहीत. मी म्हटलं, "निघते." आक्काला फोन लावला, तो कुणी उचलला नाही. भाच्याचा लावला, तो लागलाच नाही. नवऱ्यानं मोटरसायकल काढली. वाटेत मी त्याच्या पाठीला तोंड लावून रडत राहिले. भाचा लहानपणी माझ्याकडंच असायचा. मी फोनवर शेतकऱ्यांशी कशी भांडते त्याची तो नक्कल करायचा, हातात चप्पल धरून, कानाला लावून. मला सगळ्या रस्त्यात तेवढंच दिसत होतं.

गावात शिरलो तेव्हा पारावरची माणसं बोलायची थांबली. पिठाची गिरणी बंद होती. आक्काच्या सोप्यात बायका दाटीनं बसलेल्या. स्वयंपाकघरातली चूल विझवलेली, अर्धवट जळालेली लाकडं बाहेर काढून त्यांवर पाणी मारलेलं. बायकांनी मला वाट करून दिली. आक्का भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "आलीस? आता तरी नीट सांग."

"मी काय सांगू, आक्का?"

"कुनी कळवलं तुला? काय झालं त्याला? मघाशी फोनवर सांगता सांगता थांबलीस. म्हनं मोठं मानूस हाय का. मीच की गं मोठी. आता कोन हाय घरात मोठं?"

मी तिच्यापाशी बसले. "आक्का, मी फोन न्हाई केला. मला तुमच्याकडनंच कळलं."

बायकांचं रडणं मध्येच तुटलं. दीर उंबऱ्यात उभे होते, ते आत आले. "ताई, वैनी म्हनल्या धाकटीचा फोन आलता. म्हनून मी तुमाला निघून या म्हनलं. मला वाटलं तुमाला युनिटमधनं..." मला वाटलं होतं त्यांना कळलंय, त्यांना वाटलं होतं मला कळलंय, आणि कुणालाच काही कळलेलं नव्हतं.

काय झालं ते आक्काच्या तोंडूनच तुकड्या-तुकड्यानं निघालं. ती भाकरी थापत होती. फोन वाजला, तिनं पिठाचा हात पुसला, हिरवं बटण दाबलं आणि फोन कानाला नेला. एवढ्या वेळात पलीकडचं पहिलं वाक्य बोलून झालं होतं. माणूस 'हॅलो' यायची वाट बघतो. ते यंत्र बघत नाही. तिच्या कानात पोचला तो तिच्या धाकट्या बहिणीचा आवाज, आणि तो दाजींचं नाव घेऊन विचारत होता, ते आहेत का?

"ते कुठलं आता? तुला काय झालंय गं?" आक्का म्हणाली.

"ठीक आहे. घरात दुसरं कुणी मोठं माणूस आहे का?"

"मी हाय की. काय झालंय? बोल की."

"माफ करा, मला समजलं नाही. घरात मोठं माणूस असेल तर कृपया त्यांच्याकडे फोन द्या."

हे वाक्य मी जन्मात कधी बोलले नव्हते. गाद्यांच्या त्या खोलीतही नाही. माझ्या आवाजाचे तुकडे जुळवून त्यानं ते स्वतःच तयार केलं होतं. आणि आक्कानं काय समजावं? सख्खी बहीण आपल्याला 'तुम्ही' म्हणते, ओळख दाखवत नाही, कोरड्या आवाजात मोठं माणूस मागते. तिला वाटलं, हिला आधी कळवलंय आणि हिच्या तोंडून शब्द फुटत नाही. तिनं फोन पिठात टाकला, चुलीतली लाकडं ओढली आणि भिंतीला जाऊन बसली.

माझ्या नवऱ्यानं परातीतून फोन उचलला, पीठ झटकलं आणि सकाळी आलेल्या अनोळखी नंबरवर उलट फोन लावला. स्पीकर लावलेला होता. सोप्यात माझा आवाज घुमला. "नमस्कार. शेतकी विभागात आपलं स्वागत आहे. ऊसतोडणीच्या माहितीसाठी कृपया आपल्या गावाचं नाव सांगा." मी तिथंच आक्कापाशी बसले होते, तोंड मिटून. पंधरा-वीस बायका फोनकडं बघायच्या आणि माझ्या ओठांकडं बघायच्या. फोन वाट बघत होता. पुन्हा म्हणाला, "कृपया आपल्या गावाचं नाव सांगा." माझ्या मांडीला मांडी लावून बसलेली बाई हलकेच सरकून बसली. कोपऱ्यातली म्हातारी पुटपुटली, "ओळखीच्या आवाजात हाक आली तरी एका हाकंला ओ देऊ नगं म्हनत्यात, ते ह्येच्यासाठीच."

मी हिसकावून फोन बंद केला. "ऊस हाय गं बायांनो, उसाचा फोन हुता!" मी ओरडले. माझा आवाज मलाच परका लागला.

मग सगळी सैल झाली. पारापर्यंत बातमी गेली, माणसं हसायला लागली, कुणीतरी कारखान्याची आयमाय काढली, चहा आला. गिरणीचा पट्टा परत सुरू झाल्याचा आवाज आला. फक्त आक्का हलली नाही. बायका तिला म्हणाल्या, "वैनी, उठा, चूल पेटवा, तोंडात काय तरी घाला." तिनं सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि विचारलं, "मग माझं पोरगं कुठाय?"

तो गेला असं कुणी सांगितलं नव्हतं, हे खरं. तो आहे असंही त्या दिवशी कुणी सांगितलेलं नव्हतं.

दिरांनी गावातल्या एका निवृत्त सुभेदारांना गाठलं, त्यांनी कुठं कुठं फोन केले. दिवेलागणीला आक्काचा फोन वाजला. ती हात लावीना. मी घेतला, स्पीकर लावला. "आई? आई, काय झालं? मला निरोप आला. तू ठीक हायस न्हवं?" भाच्याचा आवाज. मागं वाऱ्याचा घोंघाट. मी रडत रडत ओरडले, "आरं, जिता हायस रं, जिता हायस!" दिरांनी सकाळचा घोळ सांगितला, तसा तो हसायला लागला. "मावशी, तूच मारलंस म्हनं मला?" सगळे हसले. सगळे एकदम बोलायला लागले. आक्का नुसती ऐकत होती, डोळे बारीक करून, ताकातलं लोणी बघावं तशी.

फोन संपला तेव्हा मी तिचे खांदे धरले. "आक्का, ऐकलंस न्हवं? त्याचाच आवाज."

"आवाज त्याचाच हाय," ती म्हणाली. "सकाळी तुझा बी तुझाच हुता."

मी सोमवारी कारखान्यावर गेले. भांडायच्या तयारीनंच गेले होते. शेतकी ऑफिसच्या साहेबांनी ऐकून घेतलं, त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांचा चुलता फौजेत होता. चहा येईपर्यंत त्यांनी ते वाक्य काढायला लावलं, आता सुरुवातीला 'ऊस' येतो. माझा आवाजच काढून टाका, असं मी म्हटलं. ते म्हणाले, ताई, तो आता आमच्या एकट्याकडं राहिलेला नाही, पुण्याच्या कंपनीनं तो पुढं आणखी कुणाकुणाला दिलाय. कुणाला, ते त्यांनाही पक्कं माहीत नव्हतं. म्हणजे मी कुठं कुठं, काय काय बोलत असेन, याचा हिशोब कुणाकडंच नाही. येताना एसटीत एका बाईचा फोन वाजला, तिनं कानाला लावला आणि ती कुणाशी तरी गोड बोलायला लागली. मी उतरेपर्यंत तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

काही दिवसांनी भाच्याला रेंज मिळाली, त्यानं व्हिडिओ कॉल केला. दीर फोन घेऊन धावत आले. "वैनी, बघा, तोंड दिसतंय!" आक्कानं बघितलं. दाढी वाढलेली, नाक उललेलं, पोरगं दात काढून हसत होतं. तिनं पदरानं स्क्रीन पुसली. "तोंडं बी करत्यात म्हनं आता," ती म्हणाली आणि शेण भरायला निघून गेली. ती पाणी तापवायला चूल पेटवायची, पण स्वतःपुरतं काही करायची नाही. शेजारून येईल ते दोन घास खायची. मी एक दिवसाआड एसटीनं जायचे. फोन करून 'आज येत न्हाई' म्हणायची सोय राहिली नव्हती. माझा फोन ती उचलतच नव्हती.

उन्हं तापायला लागल्यावर भाचा सुट्टीवर आला. मी तिथंच होते. तो अंगणात आला, बॅग टाकली, "आई" म्हणाला. आक्का दारातून हलली नाही. तो जवळ आला तेव्हा तिनं त्याचे दोन्ही दंड चाचपले, मान चाचपली, मग त्याच्या छातीला कान लावला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. पोराला काही सुचेना, तो माझ्याकडं बघत होता. मी तोंडावर पदर धरला. त्या दिवशी तिनं स्वतःसाठी भाकरी थापली आणि चार महिन्यांची भूक असावी तशी खाल्ली.

सुट्टी संपली. निघताना तो पाया पडला आणि सवयीनं म्हणाला, "पोचलो की फोन करतो, आई."

"नगं," आक्का म्हणाली. "फोन नगं करूस. मानूस पाठव."

"तितनं कुठनं पाठवू गं मानूस?"

जीप वळणावरून दिसेनाशी झाली तरी आक्का तिथंच उभी होती. मग माझ्याकडं वळली. "आनि तू. काय बी झालं तर तू सोता ये. चालत ये, पर ये."

"व्हय आक्का, येईन," मी म्हटलं. ती ऐकत नव्हती. शब्द माझ्याच ओठांतून निघतायत का, ते ती बघत होती.